महासंगणक आणि चावडीवरील पर्जन्यमापक

मृग नक्षत्र तोंडावर आलें म्हणजे शेतकऱ्याच्या मनांत एकच प्रश्न घोळूं लागतो : पाऊस केव्हां, आणि किती? ह्या प्रश्नाचें उत्तर आमच्या आजोबांनीं पंचांगांतील नक्षत्राच्या वाहनांत व सहदेव-भाडळीच्या वचनांत शोधिलें. वडिलांनीं रेडिओवरील बातम्यांत ऐकिलें. आणि आमचे मुलगे तें हातांतील मोबाइलवर पाहतात. उत्तर देणारा बदलला, प्रश्न तोच राहिला. सांप्रत हें उत्तर जेथें तयार होतें तें स्थळ आपणांपासून फार दूर नाहीं. पुण्यास पाषाण येथें भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्था आहे. तेथील ‘अर्का’ नांवाचा महासंगणक दिनांक २६ सप्टेंबर २०२४ रोजीं राष्ट्रास अर्पण करण्यांत आला. त्याचा जोडीदार ‘अरुणिका’ नोएडा येथें आहे, आणि उभयतांचा खर्च मिळून सुमारें ८५० कोटी रुपये झाला. मौज अशी कीं, त्याच दिवशीं पुण्यांत योजलेला पंतप्रधानांचा दौरा मुसळधार पावसामुळें रद्द झाला, व हा समारंभ दिल्लीहूनच उरकावा लागला.

गेल्या आठवडे-बाजारीं एका जाणत्या बागाइतदारानें आम्हांस रोखठोक विचारिलें, “रावसाहेब, आमच्या बांधावर रस्ता नाहीं, आणि सरकारनें साडेआठशें कोटींचें यंत्र घेतलें. त्याचा आम्हांस काय उपयोग?” प्रश्न रास्त आहे, आणि त्यास ‘सरकारचें काम सरकार जाणे’ असें उत्तर देऊन भागणार नाहीं. आमचें स्पष्ट मत असें आहे कीं, हा खर्च योग्य आहे. परंतु तेवढ्यानें काम अर्धेंच झालें आहे. उरलेलें अर्धें काम पाषाणास नाहीं, आपल्या महसूल मंडळांत आहे, आणि तें आज कोणी नीट करीत नाहीं. आमची सारी हयात कचेरींत आंकडे लिहिण्यांत गेली. तेव्हां ह्या विषयावर दोन शब्द लिहिण्याचा आम्हांस अधिकार आहे असें समजून लिहितों.

प्रथम हें यंत्र करितें तरी काय, तें समजून घेतलें पाहिजे. महासंगणक आभाळाकडे पाहत नाहीं व पाऊस मोजीतही नाहीं. तो केवळ हिशेब करितो. मोजणीदार जसे गांवच्या जमिनीचे गट पाडतात, तसे शास्त्रज्ञ पृथ्वीवरील साऱ्या हवेचे चौकडे पाडतात व त्यांचे एकावर एक थर मांडतात. प्रत्येक चौकड्यांत ह्या घटकेस हवेचा दाब किती, उष्णता किती, ओलावा किती, वारा कोणीकडून व किती वेगानें वाहतो, हे आंकडे भरितात. सृष्टीचे नियम ठाऊक आहेत. त्या नियमांच्या आधारें प्रत्येक चौकडा शेजाऱ्यास काय देतो व त्याजपासून काय घेतो, ह्याचा जमाखर्च मांडून कांहीं मिनिटांनंतरची स्थिति काढितात. मग ती नवी स्थिति आरंभींची शिल्लक समजून पुनः तोच जमाखर्च. असें करीत करीत आज, उद्यां, परवां, याप्रमाणें दहा दिवस पुढें जातात.

चौकडा जितका लहान, तितका अंदाज आपल्या गांवाजवळचा. पूर्वीं आपल्या देशाच्या अंदाजाचा चौकडा १२ किलोमीटरांचा होता. दिनांक २६ मे २०२५ रोजीं पुण्याच्या संस्थेनें तयार केलेली ‘भारत पूर्वानुमान प्रणाली’ चालू झाली; तिचा चौकडा ६ किलोमीटरांचा आहे. आतां हिशेब पाहा. बाजू निम्मी झाली म्हणजे एका चौकड्याचे चार झाले. चौकडा लहान झाल्यामुळें काळाचें पाऊलही निम्मेंच टाकावें लागतें. म्हणजे एकूण काम आठपट वाढलें. आणि हें सारें पाऊस पडून जाण्यापूर्वीं पुरें झालें पाहिजे, नाहीं तर तो अंदाज कसला? वेगाची गरज येथें आहे. अर्काची शक्ति ११.७७ पेटाफ्लॉप सांगतात. एक पेटाफ्लॉप म्हणजे एका सेकंदांत एकावर पंधरा शून्यें इतकीं गणितें. भारतांतील १४० कोटी माणसांनीं, लहानथोर सर्वांनीं, सेकंदास एक याप्रमाणें रात्रंदिवस गणितें केलीं, तर ह्या यंत्राच्या एका सेकंदाच्या कामास त्यांना सुमारें ९७ दिवस लागतील. ज्येष्ठांत बसलेले लोक भाद्रपदांत उठतील, आणि तोंवर उद्यांचा पाऊस पडून नदीस मिळालेला असेल.

ही कल्पना मूळ यंत्राची नव्हे, माणसाची आहे. लुइस फ्राय रिचर्डसन नांवाच्या इंग्रज गृहस्थांनीं पहिल्या महायुद्धांत फ्रान्समध्यें जखमींच्या गाड्यांवर काम करीत असतां, फावल्या वेळांत, असा एक हिशेब हातानें केला. २० मे १९१० ह्या दिवसाचे जुने आंकडे घेऊन त्यांनीं सहा तासांत हवेचा दाब किती बदलेल तें काढिलें. त्या सहा तासांच्या हिशेबास कांहीं आठवडे लागले, आणि उत्तर आलें १४५ मिलीबारांची वाढ! प्रत्यक्षांत त्या दिवशीं दाब जवळ जवळ होता तेथेंच होता. दुसरा कोणी असता तर कागद जाळून मोकळा झाला असता. रिचर्डसनांनीं १९२२ मध्यें आपली चूक जशीच्या तशी ग्रंथांत छापिली, आणि जगाच्या हवामानाबरोबर धांवावयाचें तर ६४,००० गणकांना एका प्रचंड सभागृहांत बसवावें लागेल, असें कल्पनाचित्रही त्यांत दिलें. पुढें संशोधकांनीं तोच हिशेब तपासला, तेव्हां असें आढळलें कीं रीत खरी होती. दोष आरंभीं भरलेल्या आंकड्यांत होता. त्या आंकड्यांतील बारीक विसंगति काढून टाकिली असतां उत्तर मार्गावर येतें. ही गोष्ट वाचकांनीं मनांत ठेवावी. पुढें तिचें काम पडणार आहे.

रिचर्डसनांचें स्वप्न १९५० मध्यें अमेरिकेंत खरें होऊं लागलें. चार्नी, फ्योर्टॉफ्ट व फॉन न्यूमन ह्या त्रयीनें एनिॲक नामक विद्युत्-गणकावर चोवीस तासांचा अंदाज काढिला. त्यास वेळही सुमारें चोवीस तासच लागला. आपल्या देशांत १९८८ मध्यें मध्यम पल्ल्याच्या अंदाजासाठीं राष्ट्रीय केंद्र स्थापन झालें व १९८९ मध्यें अमेरिकेहून ‘क्रे’ यंत्र आलें. मागितलें होतें त्याहून कमी शक्तीचें देण्यांत आलें. अधिक शक्तीचें देण्याची त्या देशाची इच्छा नव्हती. १९८८ मध्येंच पुण्यास सी-डॅक ही संस्था निघाली, आणि अकोला जिल्ह्यांतील मुरंबा गांवचे सुपुत्र डॉ. विजय भटकर ह्यांच्या नेतृत्वाखालीं तिनें १९९१ मध्यें ‘परम ८०००’ हा महासंगणक उभा केला. दुसऱ्याच्या विहिरीवर मोट चालवूं देत नाहींत म्हणून आपली विहीर खणली, असा हा प्रकार. २०१८ मध्यें पुण्यास ‘प्रत्यूष’ आला, आणि आतां अर्का. प्रत्यूषास जें काम करावयास दहा तासांपर्यंत लागत, तें अर्का चार तासांत करितो असें संस्थेचे शास्त्रज्ञ सांगतात. सहा तास अगोदर मिळालेली सूचना म्हणजे काय, हें ज्याचा कांदा अंगणांत उघडा पडला आहे किंवा ज्याचीं द्राक्षें फुलोऱ्यांत आहेत, त्यास आम्हीं सांगावयास नको.

येथवर यंत्राचा गौरव झाला. आतां नाण्याची दुसरी बाजू. यंत्रें येण्यापूर्वीं पावसाचें शास्त्र कोणीं पुढें नेलें? त्यांत आमच्या पेशाच्या लोकांचा मोठा वांटा आहे, हें फार थोड्यांस ठाऊक असतें. १८९९ मध्यें हिंदुस्थानच्या हवामान खात्यानें बऱ्या पावसाचें भाकित केलें, आणि त्याच वर्षीं घोर दुष्काळ पडला. पुढें १९०४ मध्यें गिल्बर्ट वॉकर नांवाचे केंब्रिजचे गणिती त्या खात्याचे प्रमुख झाले. त्यांनीं हिंदी कारकुनांस बसवून जगभरच्या दाबाचे, पावसाचे, उष्णतेचे वर्षानुवर्षांचे आंकडे एकमेकांशीं ताडून पाहिले. गणकयंत्र नव्हतें, बोरू-टांक होता आणि माणसें होतीं. त्या आंकडेमोडींतून असें निघालें कीं, पूर्व पॅसिफिक महासागरावरील दाब व हिंदी महासागराच्या बाजूचा दाब हे तराजूच्या पारड्यांप्रमाणें वरखालीं होतात, आणि त्यांचा आपल्या मोसमी पावसाशीं संबंध आहे. आज वर्तमानपत्रांत ‘एल निनो’ म्हणून ज्याची भीति घालितात, त्याचा हा अर्धा भाग होय. तें सत्य अनामिक कारकुनांच्या रकान्यांतून हातीं आलें.

असेंच अलीकडचें उदाहरण घ्या. बी. एन. गोस्वामी व त्यांचे सहकारी ह्यांनीं २००६ मध्यें १९५१ ते २००० ह्या पन्नास वर्षांच्या नोंदी तपासून दाखविलें कीं, मध्य भारतांत एका दिवसांत कोसळणारा अतिजोराचा पाऊस वाढत चालला असून बेताचा, जमिनींत मुरणारा पाऊस घटत चालला आहे. शेतकऱ्यास हें अनुभवानें जाणवत होतेंच. परंतु अनुभवास पुरावा मिळाला तो तालुक्या-तालुक्यांतून रोज सकाळीं मोजलेल्या पावसामुळें. हवामान खात्यानें देशाच्या पावसाचा जो चौकडेवार रोजचा तक्ता तयार केला आहे, त्यामागें ६,९५५ ठिकाणच्या पर्जन्यमापकांच्या नोंदी आहेत. २०२५ च्या खरिपांत तेरा राज्यांतील साडेतीन कोटींहून अधिक शेतकऱ्यांस पाऊस सुरू होण्याचा अंदाज मोबाइलवर धाडण्यांत आला. तो कृत्रिम बुद्धिमत्तेच्या आधारें काढिला होता. परंतु त्या बुद्धीसही सव्वाशें वर्षांच्या पावसाच्या नोंदींची जोड द्यावी लागली. सारांश, यंत्र कितीही शहाणें झालें तरी आडांत नाहीं तें पोहऱ्यांत कोठून येणार?

कोणी म्हणेल, एका मंडळाचा आंकडा दोन-चार मिलीमीटर इकडे-तिकडे झाला तर एवढें काय बिघडलें? ह्यास उत्तर अमेरिकेंतील एडवर्ड लॉरेन्झ ह्यांच्या अनुभवांत आहे. १९६१ मध्यें ते गणकयंत्रावर हवामानाचा एक हिशेब पुनः चालवीत होते. मूळ आंकडा ०.५०६१२७ होता, त्यांनीं सोयीसाठीं ०.५०६ एवढाच भरिला. कॉफी घेऊन परत येऊन पाहतात तों दोन्ही हिशेब आरंभीं बरोबरीनें चालले व पुढें इतके फुटले कीं एकाचें दुसऱ्याशीं कांहीं साम्य उरलें नाहीं. म्हणून दहा-पंधरा दिवसांपलीकडचा दिवसवार अंदाज जो छातीठोकपणें सांगतो, त्यावर विश्वास ठेवूं नये. आम्हीं येथें वाचकांची दिशाभूल करूं इच्छित नाहीं : रोजचा अंदाज मुख्यतः उपग्रह, रडार, फुगे, जहाजें ह्यांच्या आंकड्यांवर चालतो. पण तो अंदाज खरा ठरला कीं खोटा, हें शेवटीं जमिनीवरील पर्जन्यमापकानेंच ठरतें. परीक्षकच जर झोंपेंत गुण देऊं लागला, तर विद्यार्थी सुधारावा कसा?

आणि आम्हीं झोंपेंत गुण दिले आहेत. ही कबुली द्यावयाचीच म्हणून हा लेख लिहावयास घेतला.

सुमारें सोळा वर्षांपूर्वींची गोष्ट. आम्ही ज्या कचेरींत होतों तेथें मंडळाचा पर्जन्यमापक आवारांतच होता. तो बसविला तेव्हां शेजारचें कडुनिंबाचें झाड लहान होतें. पुढें तें वाढून त्याची फांदी थेट वर आली. नियम असा कीं, झाड किंवा भिंत जितकी उंच, तिच्या निदान दुप्पट अंतरावर मापक असावा. फांदी कोणी तोडिली नाहीं. एका पावसाळ्यांत मोजण्याची कांचेची नळी फुटली. आम्हीं मागणीपत्र धाडिलें. नळी आली नाहीं. नोंदवहीचा रकाना मात्र रोज मागे. तेव्हां शिपाई बाटली हलवून सांगे, आणि आम्हीं लिहीत असूं : आज १५, आज २०, आज १०. खरा मोजलेला पाऊस असा कधींच पडत नाहीं. तो १७.४ असतो, ३.२ असतो. ज्या वहींत सारे आंकडे पांचाच्या पटींत येतात, ती वही खोटी समजावी.

त्या वर्षीं एका रात्रीं फार मोठा पाऊस झाला. आम्हीं सकाळीं ५५ मिलीमीटर लिहिले. कांहीं दिवसांनीं ओढ्याकांठचा एक शेतकरी कचेरींत आला. त्याची बांध-बंदिस्ती वाहून गेली होती, दोन एकरांतील माती गेली होती, उभें सोयाबीन आडवें झालें होतें. चोवीस तासांत ६५ मिलीमीटर पाऊस झाला तरच मंडळांत अतिवृष्टि धरितात, हें वाचकांस ठाऊक आहेच. आमच्या वहींत दहा मिलीमीटर कमी होते, म्हणून तें मंडळ यादींत आलें नाहीं. त्यानें उतारा मागितला. आम्हीं तो आपल्याच हातानें लिहून दिला. त्यानें तो दोनदां वाचला, घडी घालून टोपींत ठेविला, व “बरं आहे भाऊसाहेब,” म्हणून निघून गेला. रागें भरला असता तर बरें वाटलें असतें. त्या रात्रीं खरोखर किती पाऊस पडला, हें आतां कोणताही महासंगणक सांगूं शकणार नाहीं. एकर जमिनीवर एक मिलीमीटर पाऊस म्हणजे सुमारें चार हजार लिटर पाणी. दहा मिलीमीटर म्हणजे चाळीस हजार लिटर. तेवढें पाणी आम्हीं लेखणीच्या एका फटकाऱ्यानें नाहींसें केलें असेल, आणि तो डाग आमच्या पेन्शनीबरोबर संपलेला नाहीं.

आतां काळ सुधारला, असें म्हणतील. २०१७ पासून महावेध योजनेखालीं महाराष्ट्रांतील दोन हजारांहून अधिक महसूल मंडळांत स्वयंचलित हवामान केंद्रें उभीं राहिलीं. तीं माणसाप्रमाणें आळस करीत नाहींत, हें खरें. परंतु त्यांतील पाऊस मोजणारी पळी ठराविक पाणी भरलें कीं उलटते, आणि त्या उलटण्याची मोजदाद होते. गाळणींत पालापाचोळा किंवा पांखरांची घाण बसली, तर पळी उलटत नाहीं, आणि यंत्र प्रामाणिकपणें खोटें सांगतें. भोंवतीं गवत माजलें, शेजारीं इमारत उठली, तरीही तेंच. ह्याच आंकड्यांवर हवामानाधारित फळपीक विम्याची भरपाई ठरते. आमच्या वेळीं निदान खोटें लिहिणाऱ्याचें नांव ठाऊक असे. यंत्रास दोष द्यावा तरी कोणापाशीं?

शिवाय अंदाज काढणें निराळें आणि तो शेतकऱ्यास समजेल असा सांगणें निराळें. कृषि विज्ञान केंद्रांतून जिल्ह्याचा हवामान-सल्ला देणारीं १९९ केंद्रें देशांत होतीं. तीं २०२४ मध्यें बंद करण्यांत आलीं. ज्या वर्षीं यंत्र आलें, त्याच वर्षीं त्याचा दुभाषा गेला! ‘साठ टक्के संभव’ ह्याचा अर्थ दहांपैकीं चार वेळां पाऊस येणार नाहीं असाही होतो, हें ज्यास कोणी समजाविलें नाहीं, तो पहिल्या सरीवर बियाणें टाकून बसतो व मग दुबार पेरणीसाठीं सावकाराच्या दारीं जातो. त्यांत यंत्राचा दोष नाहीं, आणि शेतकऱ्याचाही नाहीं.

म्हणून आमच्या सूचना थोड्या व साध्या आहेत. पहिली, आपल्या मंडळाचें हवामान केंद्र कोठें आहे, हें प्रत्येक ग्रामसभेनें मृगापूर्वीं प्रत्यक्ष जाऊन पाहावें. झाड, भिंत, गवत, गाळणी ह्यांचा लेखी अहवाल करून तहसीलदारांकडे द्यावा व पोंच घ्यावी. पोंचेशिवाय कचेरींत कागद जगत नाहीं, हें आम्ही अनुभवानें सांगतों. दुसरी, समाजाच्या प्रत्येक शाखेनें एक साधा पर्जन्यमापक घेऊन मोकळ्या जागीं बसवावा, रोज सकाळीं साडेआठ वाजतां मोजावा, आणि दशांशासह आंकडा वहींत व चावडीच्या फळ्यावर लिहावा. ज्या दिवशीं मोजला नाहीं त्या दिवशीं ‘मोजला नाहीं’ असें लिहावें; अंदाजानें आंकडा भरूं नये. कोरा रकाना शास्त्रज्ञास चालतो, खोटा चालत नाहीं. तिसरी, त्याच वहींत शेजारीं आदल्या दिवशींचा सरकारी अंदाज लिहावा. दोन-तीन पावसाळे असें केलें म्हणजे आपल्या गांवापुरता अंदाज किती खरा ठरतो हें आपणांसच कळेल. चौथी, बंद केलेलीं सल्ला-केंद्रें पूर्ण बळानें चालावींत अशी मागणी समाजानें ठरावानें करावी. साडेआठशें कोटींच्या यंत्रापुढें हा खर्च कांहींच नव्हे.

बाजारांतल्या त्या बागाइतदारास आम्हीं एवढेंच उत्तर दिलें : “यंत्र तुमचेंच आहे. पण त्याचा सातबारा तुमच्या नांवें व्हावा असें वाटत असेल, तर त्यांत तुमच्या पावसाची खरी नोंद पडली पाहिजे.” आमच्या घराच्या परसांत, झाडापासून दूर, आम्हीं गेल्या वर्षींच एक पर्जन्यमापक बसविला आहे. रोज साडेआठ वाजतां मोजतों. वही कोणासही पाहावयास मोकळी आहे.